घरचं बियाणं ऑनलाइन विकताय?

खरीप तोंडावर आला की मोबाईलवर सोयाबीन बियाण्याची खरेदी-विक्री जोरात चालते. घरचं बियाणं विकणं गुन्हा आहे का, असं बरेच जण विचारतात.

गुन्हा नाही. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१, कलम ३९ वाचा. संरक्षित वाणाचंसुद्धा घरचं बी ठेवा, पेरा, अदलाबदल करा, विका. फक्त त्या वाणाचं लेबल लावून, पिशवीत भरून विकायचं नाही. म्हणून जाहिरातीत कंपनीच्या पिशवीचा फोटो टाकू नका.

२०१९ साली पेप्सिकोनं गुजरातेतल्या बटाटा उत्पादकांवर एफसी-५ वाणासाठी कोटीचे दावे लावले होते. ओरड झाली तेव्हा मागं घेतले. कंपन्या आपलं वाण असं जपतात.

आणि आपण? मागं एका ॲपनं बी विकण्याआधी आधार, पासबुक आणि फोनमधले सगळे नंबर मागितले. पैसे जमा करायला पासबुक ठीक, पण माझ्या पाव्हण्यारावळ्यांचे नंबर कशाला? मी नाही म्हटलं, तर ॲप पुढं सरकेना. मग सरळ काढून टाकलं.

त्यांच्या सोयाबीन वाणाला १५ वर्षं संरक्षण मिळतं. आपली माहिती मात्र एका बोटानं जाते. 'अलाऊ' दाबण्याआधी ते काय मागतंय, तेवढं वाचत जा.