टाळ्या नकोत, गुण द्या

मल्लखांब हा खेळ आहे की खेळाचा देखावा, या प्रश्नाचे उत्तर बडोद्यापासून ग्वाल्हेरपर्यंतच्या आपल्या बहुतेक मराठी मंडळांनी कृतीने केव्हाच देऊन टाकले आहे. गणेशोत्सवाच्या निमंत्रणपत्रिका काढून पाहाव्यात. क्रिकेट, कॅरम आणि बुद्धिबळ 'क्रीडास्पर्धा' या सदरात असतात. मल्लखांब मात्र 'सांस्कृतिक कार्यक्रम' या सदरात, लेझीम आणि सुगम संगीत यांच्या मधोमध. कॅरमच्या फळीपुढे बसणारा गृहस्थ स्पर्धक ठरतो, आणि एरंडेल चोळलेल्या खांबावर दसरंग घालणारा मुलगा ठरतो कलाकार. त्याला गुण नाहीत, क्रमांक नाही; प्रमुख पाहुण्यांचे आगमन लांबल्यास 'अजून पाच मिनिटे चालू द्या' अशी सूचना मात्र हमखास मिळते.

ही वर्गवारी आम्हांस मान्य नाही. मात्र ती का मान्य नाही हे सांगताना, मल्लखांबाचा कैवार घेणाऱ्या अनेक मित्रांशीही आम्हांस भांडावे लागणार आहे. कारण 'हा आपला आहे, प्राचीन आहे, म्हणून तो खेळ' हे त्यांचे म्हणणे आम्हांस तितकेच लंगडे वाटते.

मुळात एखाद्या कृतीला खेळ कशामुळे म्हणावे? घाम गळतो म्हणून म्हणावे, तर हमालाचा गळतो त्याहून अधिक. प्रेक्षक जमतात म्हणून म्हणावे, तर तमाशालाही जमतात. ऑलिंपिकमध्ये आहे तो खेळ, असे पुष्कळांना मनोमन वाटते. त्यांनी ऑलिंपिकचा इतिहास जरा चाळावा. १९१२ पासून १९४८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये साहित्य, संगीत, चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला यांनाही पदके होती. १९१२ साली साहित्याचे सुवर्णपदक लाभले ते खुद्द ऑलिंपिकचे पुनरुज्जीवक कुबेर्तँ यांना. त्यांनी टोपणनावाने कविता पाठवली होती. आमच्या या नियतकालिकाचे कवी तेवढ्याने खेळाडू ठरतील काय? उलट क्रिकेट १९०० साली पॅरिसला एकदा खेळले गेले आणि नंतर ऑलिंपिकमधून जे गेले, त्याच्या पुनरागमनाचा निर्णय २०२३ साली मुंबईच्या अधिवेशनात झाला, तोही २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी. मधल्या शतकभर क्रिकेट खेळ नव्हता असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आमच्या मते खेळाची खूण अन्यत्र आहे, आणि ती शोधण्यासाठी बडोदेकरांना फार लांब जाण्याचे कारण नाही. हुतुतू हा खेळ देशभर पूर्वापार होता. कोठे तो हुतुतू, कोठे चेडुगुडू, कोठे हाडुडू. संजीवनीत मेलेला गडी जिवंत होई. जेमिनीत सारा संघ बाद होईपर्यंत मेलेला मेलेलाच राही. अमरमध्ये गडी मरतच नसे, फक्त गुण मोजला जाई. एका गावचा गडी दुसऱ्या गावी गेला की हरला की जिंकला हेच ठरेना. आवाज ज्याचा मोठा तो जिंकला. १९१८ च्या सुमारास नियम बांधले गेले, १९२३ साली ते छापून निघाले, आणि त्याच साली या नियमांनुसार अखिल भारतीय सामने झाले ते बडोद्यास. हिंद विजय जिमखान्याचे नाव कबड्डीच्या इतिहासात राहिले ते याच कामामुळे. त्या वर्षी खेळणाऱ्यांची ताकद वाढली नव्हती, दमही वाढला नव्हता. वाढली ती एकच गोष्ट : हरलेल्या संघाला आपण कोणत्या नियमाने हरलो ते आता बोट ठेवून दाखवता येऊ लागले.

आम्ही खेळ म्हणतो तो याला. आधी सर्वांना ठाऊक असलेला नियम, त्या नियमाला बांधलेला पंच, आणि चुकीची नोंद. अशा नियमापुढे रोज आपले अंग आणि आपला अहंकार आणून ठेवतो तो खेळाडू. बुद्धिबळात अंग कोठे आहे, असे कोणी विचारील. तो वाद आम्ही येथे उकरून काढत नाही. चार तास एका जागी बसून, एका चुकीने सारा डाव घालवून, प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करून उठणाऱ्याला खेळाडू म्हणण्यास आम्हांस तरी अडचण वाटत नाही.

हीच कसोटी लावली म्हणजे शासकीय घोषणांचे मोलही कळते. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीला खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदांना नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात घेण्याचे सांगितले. गोविंदांच्या धाडसाविषयी आम्हांस शंका नाही. पण रस्त्यावरच्या हंडीची उंची आयोजक ठरवणार, बक्षीस पुढारी ठरवणार, वेळ पाहुण्यांच्या सवडीने ठरणार. मग त्यात हरले कोण आणि कोणत्या नियमाने? स्पेनमधील कॅटलोनियात माणसांचे असेच मनोरे रचतात. तेथे तारागोना शहरी होणाऱ्या स्पर्धेत प्रत्येक रचनेचे गुण आधी ठरलेले असतात, आणि मनोरा नुसता उभा राहिल्यास कमी, सुखरूप उतरवून दाखवल्यास अधिक गुण मिळतात. उतरण्याला गुण देणे ही शहाणपणाची परिसीमा आहे. आपल्याकडेही गेल्या काही वर्षांत बंदिस्त जागेत, घड्याळ लावून गोविंदांच्या स्पर्धा होऊ लागल्या आहेत; त्या वाटेने दहीहंडी खेळ होईल तर होईल. सभागृहातील घोषणेने झालेली नाही.

आता मल्लखांबाकडे वळू. त्याच्या विरुद्ध तीन आक्षेप आम्ही वारंवार ऐकले आहेत.

पहिला असा की, हा कुस्तीचा जोडव्यायाम, स्वतंत्र खेळ नव्हे. बाळंभटदादा देवधरांची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे मल्ल आले, दादांनी आव्हान स्वीकारले, आणि सप्तशृंगीला जाऊन मारुतीच्या कृपेने खांबावरची विद्या मिळवली, अशी ती परंपरा. कथेतही खांब हे साधन आणि कुस्ती हे साध्य, हे खरे. पण म्हणून काय झाले? जिम्नॅस्टिक्समधील घोडा हा मुळी घोडेस्वारांच्या सरावाचा लाकडी घोडा होता. १८९६ च्या अथेन्सपासून त्यावर पदके दिली जात आहेत. भालाफेक हे युद्धाचे काम होते. साधनाचे साध्य झाले म्हणजे खेळ होतो, कमी होत नाही.

दुसरा आक्षेप : येथे प्रतिस्पर्धी समोर नसतो. उंच उडीतही नसतो. याहून अधिक उत्तराची गरज नाही.

तिसरा आक्षेप मात्र भारी आहे, आणि त्याला आमचे मित्र नीट उत्तर देत नाहीत. तो असा की, धावण्यात घड्याळ निकाल देते. मल्लखांबात पंचाचा डोळा निकाल देतो, आणि डोळा चुकतो, क्वचित पक्षपातही करतो. हे खरेच आहे. जिम्नॅस्टिक्सलाही हाच रोग आहे. १९७६ साली माँट्रियलला नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले तेव्हा फलकावर १.०० असे झळकले, कारण फलक करणाऱ्यांनी दहाची कल्पनाच केली नव्हती. पुढे २००४ च्या अथेन्सला कोरियाच्या यांग ते-योंगच्या समांतर दांड्यांवरील संचाचे मूळ मूल्य पंचांनी एक दशांशाने कमी धरले. तो कांस्यावर राहिला आणि सुवर्ण अमेरिकेच्या पॉल हॅमकडे गेले. प्रकरण क्रीडा लवादापर्यंत पोहोचले, पदक बदलले नाही. पण २००६ साली गुणांची पद्धतच बदलली. काठिण्याचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे मोजू लागले. पंच चुकला म्हणून कोणी जिम्नॅस्टिक्सला नृत्य म्हटले नाही. नियम दुरुस्त केला. मल्लखांबातही ठरलेला संच आणि ऐच्छिक संच आहेत, वेळेची मर्यादा आहे, अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, फरारे, तोल यांच्या काठिण्याचा विचार आहे, पडल्यास गुण कापले जातात. पंचांचे प्रशिक्षण कमी पडत असेल तर ते वाढवावे. पंचच नकोत, नुसत्या टाळ्याच बऱ्या, हा त्यावरचा उपाय नव्हे.

येथे आम्ही आमच्या मित्रांकडे वळतो. 'मानसोल्लासा'तील उल्लेखाचा हवाला देऊन बाराव्या शतकापासूनची परंपरा सांगितली की खेळाचा दर्जा आपोआप सिद्ध होतो, असा त्यांचा समज आहे. प्राचीन तर जात्यावर दळणेही आहे. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला गेला आणि त्याने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, हे आपण पिढ्यान् पिढ्या अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण पुढचे सांगत नाही. नियम आणि सामने हाती असलेला हुतुतू कबड्डी होऊन १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाला. मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली १९८१ साली, उज्जैनला. बर्लिननंतर पंचेचाळीस वर्षांनी. एवढा काळ आपण प्रात्यक्षिकेच दाखवत होतो. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्यात बसून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. विद्येची नोंद करण्यात आपण कमी पडलो नाही, पडलो ते स्पर्धा लावण्यात. आणि ती अखेर लागली तीही महाराष्ट्रात नव्हे, माळव्यात, हे आपल्या वाचकांनी ध्यानी घ्यावे.

प्रात्यक्षिक आणि स्पर्धा यांतील फरक मंडळांच्या कार्यकारिणीला कळत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. प्रात्यक्षिकात पडून चालत नाही. पाहुणे बसलेले, दिवे लागलेले, ध्वनिक्षेपकावर निवेदन चाललेले. म्हणून शिक्षक मुलाला सांगतात, बाबा, जे हमखास येते तेच कर. मग दरवर्षी तेच मनोरे, तीच हाती तिरंगा घेतलेली अढी, दोरीवर त्याच मुलीचे तेच पद्मासन. लोक टाळ्या वाजवतात, मुलगा तेथेच थांबतो. स्पर्धेत उलट घडते. खालच्या क्रमांकावरच्या मुलाला वर जायचे तर न येणारी उडी घ्यावीच लागते. ती तो सहा महिने घेतो, पडतो, पुन्हा घेतो. पडला तर किती गुण गेले ते कागदावर येते, आणि पुढच्या वर्षी तो त्या आकड्याशी भांडतो. देखावा चूक लपवतो, स्पर्धा ती लिहून ठेवते. टाळ्यांच्या खुराकावर वाढलेला मुलगा आठवीत शिकवणीचे कारण सांगून खांब सोडतो, यात नवल ते काय? 'संस्कार झाले, आता अभ्यास' असे म्हणणारे पालक क्रिकेटच्या शिबिराचे शुल्क मात्र दहावीपर्यंत भरत असतात.

या वर्गवारीचे परिणाम कागदावरही होतात. आमच्या शहरातील एका शाळेने राज्य पातळीवर निवड झालेल्या मुलीला दोरीच्या मल्लखांबाच्या स्पर्धेसाठी क्रीडा-रजा नाकारली. हा सांस्कृतिक उपक्रम असल्याचे कारण दिले. मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला तो २०१३ साली. केंद्राचा द्रोणाचार्य पुरस्कार २०२० साली उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना मिळाला. हिमानी परब यांना २०२१ चा अर्जुन पुरस्कार. गुजरातेतील २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत हा खेळ होता. हे सारे मुख्याध्यापकांपुढे ठेवता आले असते. पालक त्यासाठी मंडळाकडे पत्र मागण्यास गेले. मंडळाने पत्र दिले. त्यात मुलीचा उल्लेख 'आमच्या सांस्कृतिक पथकाची गुणी कलाकार' असा होता. शाळेला आणखी काय हवे होते?

मुलीची ती स्पर्धा हुकली. तिचे वय त्या गटात पुन्हा बसणार नाही.

म्हणून येत्या भाद्रपदासाठी आमची मागणी सरळ आहे. सायंकाळच्या व्यासपीठावरून खांब उतरवावा आणि सकाळी मैदानात पुरावा. वयोगट पाडावेत, संच महिनाभर आधी जाहीर करावेत, बाहेरगावचे दोन तरी प्रशिक्षित पंच मानधन देऊन बोलवावेत. उज्जैन-इंदुरास ते मिळतात. प्रत्येक मुलाचे गुण फलकावर लिहावेत, शेवटच्याचेही. हरकत घेण्यास पंधरा मिनिटे द्यावीत. शेजारच्या गुजराती वस्तीतील मुलांनाही प्रवेश असावा. स्पर्धा फक्त आपल्याच मुलांत लावून आपण त्यांचे भले करीत नाही. आणि प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला, तर त्यांच्यासाठी थांबू नये.