बंद मीटरची जुनी गाडी घ्यावी का?



ऊसबिल हाती पडलं की आपल्या भागात जुन्या गाड्या बघायला सुरुवात होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “किती पळालीय?” मीटर बंद आहे असं कळलं की निम्मे लोक तिथूनच माघारी फिरतात. आमचं मत वेगळं आहे. बंद मीटरपेक्षा कागद नसलेल्या चालू मीटरची भीती जास्त धरावी.

असं म्हणायला कारण घडलं ते 2024 सालच्या मे महिन्यात. आमच्या गटातल्या एका सभासदांना, त्यांना आम्ही आबाच म्हणतो, घरच्या आजारपणासाठी कोल्हापूरला वारंवार जावं लागत होतं. वर्षाच्या ऊसबिलातून जुनी चारचाकी घ्यायची ठरली. त्यांनी दोन गाड्या हेरल्या होत्या, दोन्ही 2005 सालच्या. एक गाडी एका व्यापाऱ्याकडे होती. तिचं मीटर चालू, आकडा 46,000. दुसरी होती राजापूरला, एका निवृत्त गुरुजींची. अणुस्कुरा घाट उतरून आम्ही दोघं तिथं गेलो. गुरुजींनी आधीच सांगून टाकलं, “मीटर 2018 सालीच बंद पडलंय. उगाच खोटं कशाला सांगू?”

आबांचं मन पहिल्या गाडीवर होतं. “साहेब, तिचा आकडा बगा की, शेहेचाळीस हजारच!”

आम्ही म्हटलं, आधी गुरुजींच्या गाडीचा हिशेब तर मांडू. त्यांनी दुरुस्तीची बिलं जपून ठेवली होती. 2014 च्या बिलावर 41,000 आणि 2018 च्या शेवटच्या बिलावर 74,000 असा आकडा होता. म्हणजे 4 वर्षांत 33,000, वर्षाला सव्वाआठ हजार. त्याच चालीनं पुढची 6 वर्षं धरली तर 49,500 वाढतात आणि एकूण 1,23,500 होतात.

पण सरासरीवर थांबू नये, गाडी कुठं कुठं जात होती ते विचारावं. शाळेची रोजची ये-जा 24 किलोमीटर, वर्षाचे दिवस 220, म्हणजे 5,280. गणपती आणि शिमग्याला मुंबईची एकेक फेरी, दोन्ही मिळून 1,500. बाजारहाट, लग्नकार्य 1,200. बेरीज 7,980, म्हणजे बिलांच्या हिशेबाशी जुळतं. मात्र 2022 साली गुरुजी निवृत्त झाले आणि त्याआधी कोरोनात दीड वर्ष शाळा बंद होती. म्हणून शाळेची ये-जा अडीच वर्षांचीच, 13,200. बाकीचं 6 वर्षांचं 16,200. एकूण 29,400. ते 74,000 मध्ये मिळवले की 1,03,400 होतात. हा आकडा तंतोतंत नव्हे, पण एक लाख ते एक लाख दहा हजारांत गाडी बसते एवढं खात्रीनं सांगता येतं.

आता गाडीकडेही बघावं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. मीटर 30,000 दाखवतंय आणि टायरचा तिसरा जोड चालू आहे, तर कुठंतरी पाणी मुरतंय. क्लच-ब्रेकच्या पायट्यांचं रबर, ड्रायव्हरच्या सीटचा फोम, दाराच्या बिजागऱ्या हेही बोलतात. जुन्या बऱ्याच मीटरांत पाचच आकडे असत. 99,999 नंतर पुन्हा शून्य.

कोकणातली गाडी असेल तर जरा बेतानं. खाऱ्या हवेनं आणि पावसानं पत्रा लवकर गंजतो, घाटात क्लच-ब्रेक लवकर झिजतात. नुसत्या झिजेवरून किलोमीटर जास्त वाटतात. राजापूरच्या बाजारपेठेत अर्जुना-कोदवलीच्या पुराचं पाणी शिरतं, म्हणून पायाखालची मॅट उचलून गाळ आहे का तेही आम्ही पाहिलं. नव्हता.

मग दुसरी गाडी. सीटकव्हर कोरं, पण क्लचच्या पायटीचं रबर पार गुळगुळीत. बिल एकही नाही. गाडी आधी कुणाकडे होती, त्याचंही उत्तर नाही. मीटर खोटं आहे असं आम्ही म्हटलं नाही, पण खरं मानायलाही आधार नव्हता.

ज्या फडाच्या लागणीची नोंद नाही, तिथं आम्ही कांड्या मोजून वय काढतो. तरी महिनाभर इकडं-तिकडं होतंच. तारखेची नोंद असली की वाद मिटतो. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, तेव्हा मीटरचा आकडाही नोंदतात. बेल्जियममध्ये 2006 पासून जुनी गाडी विकताना आकड्यांच्या नोंदींचा दाखला द्यावा लागतो. आपल्याला त्यासाठी कुणाची वाट बघायला नको. एक वही पुरते.

आबांनी राजापूरची गाडी घेतली. किंमत एक लाख दहा हजार किलोमीटर धरूनच ठरवली. नोंदणीचं नूतनीकरण 2020 साली झालेलं, ते 2025 ला पुन्हा करावं लागणार होतं. तोही खर्च वजा धरला. सुईही बंद असेल तर बहुधा केबल तुटलेली असते. इथं वेगाची सुई हलत होती, आकडे तेवढे हलत नव्हते, म्हणजे आतलं छोटं प्लास्टिकचं चाक गेलेलं. ते बदलून घेतलं आणि त्या दिवशीची तारीख, मीटरवरचा आकडा आणि आमचा अंदाज वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

सभासदांनी एवढं करावं. मीटर बंद पडलं की त्याच दिवशी तारीख व आकडा लिहून ठेवावा, बिलं फेकू नयेत. विकताना खरं सांगावं. घेताना बिलं आधी मागावीत, मीटर नंतर बघावं. आणि दोन्ही नसेल तर गाडी कितीही चकचकीत असो, वर्षाच्या घामाचा पैसा तिथं घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.