पेढीतले संगणक कोठे अडतात?

तुरीचा हंगाम भरात आला की बार्शीच्या मार्केट यार्डातील आडत पेढ्यांवर दुपारच्या वेळी एक दृश्य हमखास दिसते. सौदा उरकलेला असतो, मापे झालेली असतात आणि शेतकरी हिशेबपट्टीची वाट पाहत बाकावर बसलेला असतो. मुनीमजी बटण दाबतात आणि पडद्यावरचे चक्र फिरत राहते. पट्टीला उशीर झाला की त्या बिचाऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते : हमाली, तोलाई, उचल यांत काही कालवाकालव तर चालली नाही ना? संगणक मंद चालतो हे त्याला कोण सांगणार, आणि सांगितले तरी पटणार कसे? पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पत अशा किरकोळ कारणाने डागाळावी, हे कोणत्याही व्यापाऱ्याला रुचणारे नाही.

अशा वेळी घरातील तरुण मंडळी बहुधा एकच उपाय सुचवतात : इंटरनेटची मोठी योजना घ्या. महिन्याचा खर्च वाढतो. पट्टी मात्र पूर्वीइतकाच वेळ घेते. यात नवल नाही. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरची माहिती पेढीतील मुख्य संगणकावर ठेवलेली असेल, तर मुनीमजींच्या टेबलापासून त्या संगणकापर्यंतचा तिचा प्रवास पेढीच्या चार भिंतींतच होतो. बाहेरच्या इंटरनेटचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो.

बार्शीकरांना हे समजावून सांगण्यासाठी दूरचे दाखले शोधायला नकोत. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे वडीलधाऱ्यांना चांगली आठवत असेल. मुंबईहून येणारा माल मुख्य मार्गावरील मोठ्या वाघिणींतून कुर्डुवाडीपर्यंत वेगाने येई. पण तेथून बार्शीकडे येणारा मार्ग अवघ्या अडीच फूट गेजचा. म्हणून प्रत्येक पोते कुर्डुवाडीस उतरवून लहान वाघिणीत पुन्हा चढवावे लागे. मुंबईची गाडी कितीही वेगाने धावली, तरी माल बार्शीत केव्हा पोचणार हे कुर्डुवाडीच्या फलाटावरील हमालांच्या हाती. २००८ साली कुर्डुवाडीपासून पुढचा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ही चढउतार संपली.

ही रेल्वे उभारणारे इंग्रज अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांना मात्र या विषयाची उत्तम जाण होती. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये आणि तो सर्व आसांवर सारखा वाटला जावा, असा त्यांचा दंडक होता. त्यामुळे हलक्या रुळांचीही पुरेपूर क्षमता वापरता आली. एकच भाग भक्कम आणि बाकीचे दुबळे, अशा रचनेत भक्कम भागावरचा पैसा वाया जातो, हे त्यांनी ओळखले होते. (याच गृहस्थांनी पुढे वैमानिकांचे प्राण वाचवणारे ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले; पण तो विषय निराळा.)

तेव्हा प्रश्न असा, की आपल्या पेढीतील कुर्डुवाडी नेमकी कोठे आहे? माल काट्यावर घातल्याशिवाय आपण भाव देत नाही. मग संगणकाच्या बाबतीत न मोजता खर्च का करावा? मोजण्याची एक सोपी रीत आहे. सुमारे ५०० एमबीची एखादी फाइल मुख्य संगणकावरून दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहा. ४५ सेकंदांच्या आसपास वेळ लागला, तर आपले नेटवर्क १०० एमबीपीएस वेगाने चालले आहे असे समजावे. पाच-सहा सेकंदांत काम झाले, तर ते १००० एमबीपीएसवर, म्हणजे गिगाबिटवर आहे. तांब्याच्या साध्या केबलवरून गिगाबिट वेग देणारे मानक १९९९ सालीच ठरले. आज बहुतेक संगणकांत ती सोय असते. तरीही अनेक पेढ्या दहापट कमी वेगावर काम करीत असतात आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

याचे कारण बहुधा दोहोंपैकी एक असते. पहिले म्हणजे, सर्व केबल जेथे एकत्र येतात ती पेटी, जिला स्विच म्हणतात, जुनी १०० एमबीपीएसची असते. ती बदलणे नवा संगणक घेण्याच्या मानाने फारच स्वस्त. दुसरे कारण अधिक फसवे आहे. नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उंदराने एखादी तार कुरतडली किंवा टोकाशी ती नीट बसली नाही, तर अनेकदा काम बंद पडत नाही. यंत्रे मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतात. बंद पडलेले दिसते आणि दुरुस्त होते. मंदावलेले मात्र वर्षानुवर्षे तसेच चालत राहते.

केबल घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास मिळते. चाकूने तार खरवडली की आतून पांढरी चमक दिसते. डाळीतील भेसळ बोटांनी ओळखणाऱ्यांनी येथे फसू नये.

नेटवर्क गिगाबिट असूनही पट्टी रेंगाळत असेल, तर मुख्य संगणकाच्या डिस्ककडे वळावे. हिशेबाचे सॉफ्टवेअर एकदम मोठा गठ्ठा मागत नाही. ते शेकडो लहान लहान नोंदी एकेक करून मागते. हमालाने एक पोते आणावे, पुन्हा जाऊन पुढचे विचारावे, पुन्हा आणावे, असा तो व्यवहार. येथे रस्त्याच्या रुंदीपेक्षा प्रत्येक खेपेला लागणारा वेळ महत्त्वाचा ठरतो. फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क अशा सुट्या खेपा सेकंदाला जेमतेम शंभर करू शकते. एसएसडी हजारोंच्या संख्येने करते. माझ्या मते, जुन्या पेढीत पहिला रुपया खर्च करावा तो मुख्य संगणकाच्या एसएसडीवर. त्यापूर्वी संपूर्ण हिशेबाची प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवावी, हे सांगणे नलगे. आणि त्या मुख्य संगणकावर कोणी चित्रपट पाहत बसू नये, हेही जरा स्पष्टच सांगितलेले बरे.

वाय-फायचा मोह येथे टाळावा. हवेतील वाट सर्वांची सामाईक असते. एक यंत्र बोलत असताना त्याच वाहिनीवरील इतरांनी थांबायचे. यार्डातील एकाच काट्यावर सर्वांचे ट्रक रांगेत उभे राहावेत, तशी ही गत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. आणि शेजारच्या प्रत्येक दुकानाचा राउटर त्यांतच दाटीवाटीने बसलेला. त्यातून मधे लोखंडी तिजोरी आली की संपलेच. मोबाइलसाठी वाय-फाय खुशाल ठेवावे. मुनीमजींच्या संगणकाला केबलच हवी. नोंद लिहिली जात असताना संपर्क तुटला, तर वेग राहिला बाजूला, हिशेबाची फाइलच बिघडण्याचा धोका असतो.

हाच धोका वीज गेल्यावरही उभा राहतो. बहुतेक पेढ्यांत संगणकांना यूपीएस असतो. स्विच मात्र साध्या प्लगवर. वीज गेली की दोन्ही संगणक चालू, पण त्यांच्यामधला दुवा बंद, आणि अर्धी लिहिलेली नोंद लटकलेली. स्विचची विजेची गरज अगदी थोडी असते. तोही यूपीएसवरच जोडावा.

सुरक्षा कॅमेऱ्यांचा भारही कमी नसतो. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण दोन ते चार एमबीपीएस घेतो. गोदाम, काटा, गल्ला मिळून सोळा कॅमेरे त्याच १०० एमबीपीएसच्या स्विचमधून चित्रे पाठवीत असले, तर तीस ते साठ एमबीपीएस त्यांनीच व्यापले. त्यांना वेगळा स्विच द्यावा.

डाळ मिल आणि पेढी यांतले अंतर १०० मीटरांहून अधिक असेल, तर तांब्याच्या केबलचा नाद सोडून ऑप्टिकल फायबर टाकावे. मिलच्या थ्री-फेज मोटारींच्या वायरींशेजारून नेलेल्या तांब्याच्या केबलमध्ये अडथळे येतात, आणि वळवाच्या पावसात विजेचा लोळ त्याच तारेने पेढीपर्यंत येऊ शकतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

दिवाळीच्या साफसफाईचा एक इशारा देऊन ठेवतो. सुटलेली केबल कोणीतरी सद्भावनेने उचलतो आणि तिची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचून ठेवतो. साध्या स्विचमध्ये मग तोच संदेश गोल गोल फिरत राहतो आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर सगळी पेढी ठप्प होते. अशा वेळी नव्याने खोचलेली केबल आधी काढून पाहावी.

परताव्याच्या मुदतीला, म्हणजे ११ किंवा २० तारखेला, जीएसटीचे संकेतस्थळ रेंगाळले, तर मात्र पेढीतील केबल उपटू नयेत. ती गर्दी आपल्या दारातली नव्हे. दोन दिवस आधी बसावे.

केबल टाकणारा मुलगा पुढच्या वर्षी पुण्याला नोकरीस गेलेला असतो. म्हणून त्याच्याकडून काम करवून घेतानाच प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून घ्याव्यात आणि कोणती केबल कोठून कोठे जाते याचा साधा नकाशा एका कागदावर काढून, त्यावर तारीख घालून, तो चालू वर्षाच्या खातेवहीत चिकटवून ठेवावा.