पगार एक, राज्ये तीन

गेल्या रविवारी सकाळी आमच्या वस्तीतले एक काका घरी आले. उभी हयात एस. टी.त वाहक म्हणून गेली. आता निवृत्त आहेत. मुलगा शिकून अमेरिकेत नोकरीला लागला, त्याच्या पैशावर धाकटीचे नर्सिंग चालू आहे. ‘जयभीम भाऊ’ म्हणून काका बसले आणि मोबाइल पुढे केला. त्यात एका सरकारी पत्राचा फोटो होता. न्यू जर्सी राज्याच्या कर खात्याने मुलाला विचारले होते की, तुमचे विवरणपत्र आमच्याकडे का आले नाही?

‘पोरगं चुकलं का भाऊ? कर तर दर पगाराला कापत होते,’ काका म्हणाले. सरकारी कागद पाहिला की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आम्ही चहा टाकायला सांगितला आणि मुलाला फोन लावला.

हकीकत अशी निघाली. मुलगा राहायला न्यू जर्सीत, जर्सी सिटीला होता आणि रोज नदीपलीकडे न्यूयॉर्कला कामाला जायचा. ऑगस्टमध्ये नवी नोकरी धरून तो टेक्सास राज्यात डॅलसला गेला. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही. खोलीतल्या मित्रांनी सांगितले, ‘टेक्सासला आलास, विषय संपला.’ त्याने केंद्राचे विवरणपत्र भरले आणि राज्यांचे सोडून दिले.

येथेच आपली गफलत होते, कारण आपल्याला ही पद्धत ठाऊक नाही. आपल्याकडे पगारावरचा आयकर केंद्र सरकारचा. महाराष्ट्र राज्य पगारातून घेते तो व्यवसाय कर. तो वर्षाला 2500 रुपयांच्या वर जात नाही. अमेरिकेत केंद्राचा आयकर वेगळा आणि बहुतेक राज्यांचा वेगळा. विस्कॉन्सिन राज्याने 1911 साली आणि न्यूयॉर्कने 1919 साली तो सुरू केला. प्रत्येक राज्य दोन प्रश्न विचारते : तुझे घर कोठे? आणि तू घाम कोठे गाळलास?

घर ज्या राज्यात, ते राज्य तुमच्या सगळ्या कमाईवर कर लावते. काम ज्या राज्यात, ते राज्य तुम्ही तेथे राहत नसलात तरी तेथल्या कमाईवर कर घेते. मग एकाच पगारावर दोनदा कर? नाही. न्यूयॉर्कला भरलेल्या कराची वजावट न्यू जर्सी देते. पण ती आपोआप मिळत नाही, विवरणपत्र भरून मागावी लागते. शेजारच्या पेनसिल्व्हानियाशी न्यू जर्सीचा करारच आहे. तेथे पगाराचा कर फक्त राहत्या राज्यात भरायचा. न्यूयॉर्कशी तसा करार नाही.

वर्षाच्या मध्येच राज्य बदलले, तर वर्षाचे तुकडे पडतात. जेवढे महिने ज्या राज्यात राहिलात, तेवढ्यापुरते तुम्ही तेथले रहिवासी. हे ऐकून काकांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे आमच्या वेबिलासारखं! ज्या टप्प्यात प्रवास, त्या टप्प्याचं भाडं. पण गाडी डेपोत लागली म्हणून मागच्या टप्प्यांचा हिशेब सुटत नाही.’ आम्हाला याहून सोपे सांगता आले नसते.

बाहेरून येणाऱ्याकडून कर घ्यावा का, हा वाद जुना आहे. 1920 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा हा अधिकार मान्य केला. पण त्याच वर्षी न्यूयॉर्कलाही बजावले की, आपल्या रहिवाशांना दिलेली करसूट बाहेरच्यांना नाकारता येणार नाही. कर घ्यायचा तर वागणूकही समान द्या, हा त्याचा अर्थ. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी व्हावी, हा विषय बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातच अभ्यासला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांच्या 1925 च्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू प्रा. सेलिगमन हे आयकराचे मोठे अभ्यासक होते. तेव्हा हा विषय आपल्या घराला अगदीच परका नाही.

ज्यांची मुलेमुली तिकडे आहेत, त्यांनी फोनवर एवढे जरूर सांगावे :

राज्य बदलल्याची तारीख लिहून ठेवा. जुन्या खोलीचा करार, नव्या खोलीचा करार, शेवटची पगारपावती जपा. नुसते ‘मी गेलो’ म्हणून चालत नाही, नवे घर खरोखर केल्याचा पुरावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये कायम वापरायचे घर असेल आणि वर्षात 183 पेक्षा जास्त दिवस तेथे काढले, तर मूळ घर दुसरीकडे असूनही ते राज्य तुम्हाला रहिवासी धरू शकते.

ऑफिस न्यूयॉर्कचे आणि स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातून घरी बसून काम, असे असेल तर न्यूयॉर्क त्या पगारावरही हक्क सांगते. तेव्हा आधी विचारून घ्यावे.

विद्यार्थ्यांनी एक शब्द नीट समजून घ्यावा. केंद्राच्या हिशेबात ‘अनिवासी’ असलेला विद्यार्थी राज्याच्या हिशेबात रहिवासी असू शकतो. दोन्हींचे नियम वेगळे आहेत. काही विद्यापीठांत विवरणपत्रासाठी फुकट मदत मिळते. ती घ्यायला लाजू नये.

आणि पत्र आले तर ते दडवू नये. ती विचारणा असते. उत्तर न देता पडून राहिली, तर व्याज आणि दंड वाढत जातो. उलट जास्त कापलेला कर परतही मिळतो. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते.

काकांच्या मुलाने न्यूयॉर्कचे आणि न्यू जर्सीचे, दोन्ही विवरणपत्रे आता भरायला घेतली आहेत. न्यूयॉर्कच्या कराची वजावट धरली तर न्यू जर्सीचे देणे थोडकेच राहील, असा त्याचा हिशेब आहे. उठताना काका म्हणाले, ‘आता रात्री झोप लागेल.’ मग दारातून मागे वळले. ‘भाऊ, हे छापा. दुसऱ्या कुणाच्या बापाची झोप उडायला नको.’

म्हणून छापले. जयभीम.