पोरांना कॉलेज सोडायला सांगणारे स्वतःच्या पोरांना काय सांगतात?



दिवाळी आटोपते, धान कापून खळ्यावर येतो आणि चंद्रपूर-गडचिरोलीत कबड्डीचे सामने सुरू होतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल. इकडे वडसा, आरमोरी, चामोर्शी. एका गावात मंडई, दुसऱ्यात झाडीपट्टीचं नाटक, तिसऱ्यात मैदानाभोवती दिवे बांधून रात्रभर कबड्डी. माईकवर पुढाऱ्याचं नाव, बॅनरवर पुढाऱ्याचा फोटो आणि मातीत आमची पोरं. याच दिवसांत विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा असतात. बी.ए. दुसऱ्या वर्षाचा, बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा पोरगा हळूहळू वर्गातून गायब होतो. काही मार्चमध्ये परत येतात, काही येतच नाहीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "कॉलेज करून का होते जी? ग्राउंडवरच लक्ष देतो आता."

हे वाक्य पोराच्या तोंडी असलं तरी पोराचं नाही. ते त्याच्या डोक्यात भरलेलं आहे. भरणारे तीन प्रकारचे आहेत. सामन्यांना बक्षीस लावणारे भाऊ, महिन्याची फी घेणारे भरती अकॅडमीवाले, आणि मोबाईलवर लिलावाचे आकडे दाखवणारे हौशी मार्गदर्शक. या तिघांना आम्ही एकच प्रश्न विचारतो. तुमचा स्वतःचा पोरगा कुठे आहे? तो नागपूरला इंजिनिअरिंगला आहे, पुण्याला आहे, फार तर संध्याकाळी टर्फवर फुटबॉल खेळतो. त्याला कुणी म्हणत नाही की पदवी सोड आणि मैदान धर. खेळ की शिक्षण, हा प्रश्न फक्त आमच्या वस्तीत येऊनच कसा उभा राहतो?

आता स्वप्नाचा हिशोब करू. प्रो कबड्डी लीग २०१४ पासून सुरू आहे. संघ १२. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू धरले तरी सगळे मिळून ३००. त्यात परदेशी खेळाडू आले, हरियाणा आले, रेल्वे आणि सेनादलात नोकरीला असलेले कसलेले खेळाडू आले. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांहून जास्त मिळाले, हे आमच्या प्रत्येक पोराला पाठ आहे. त्याच लिलावात सर्वात खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख होती, हे कुणाला ठाऊक नाही. ९ लाख कमी नाहीत, आमच्या घरांसाठी तर अजिबात नाहीत. पण तो करार हंगामाचा असतो. गुडघ्याचा लिगामेंट गेला की पुढच्या हंगामात विचारणारं कुणी नसतं. शिवाय लीग मॅटवर खेळली जाते आणि आमचे गावोगावचे सामने अजून मातीत होतात. मातीतला चपळ रेडर मॅटवर पहिल्या दिवशी घसरतो. मॅटवर रोज सराव करायला कुरखेड्याच्या, एटापल्लीच्या पोराने जायचं कुठे?

फुटबॉलवाल्यांनीही खूश होऊ नये. 'झुंड' २०२२ मध्ये आला, नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं पडद्यावर दिसली, जयंतीची मिरवणूक पडद्यावर दिसली, आम्हा सगळ्यांची छाती फुगली. फुगायलाच हवी होती. पण ज्या व्यावसायिक फुटबॉलकडे बोट दाखवलं जातं त्याचं काय झालं? २०२५ च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा हंगामच स्थगित केला गेला. लीग चालवणारी कंपनी आणि फुटबॉल महासंघ यांच्यात कराराचा वाद होता. ऑगस्टमध्ये काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशाच्या संघाकडून खेळणाऱ्यांवर ही वेळ आली, तर बल्लारपूरच्या पोराचं कोण ऐकणार!

"लीग राहू द्या जी, आमचं लक्ष पोलीस भरतीवर आहे." हे जास्त प्रामाणिक उत्तर आहे आणि आमच्या जिल्ह्यांचं खरं चित्रही हेच. इथे खेळाडूचा व्यवसाय म्हणजे भरती. मग भरतीचाच हिशोब बघा. शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. लेखी परीक्षा १०० गुणांची. म्हणजे ज्या मैदानासाठी तू वर्ग सोडलास त्याचं वजन एक तृतीयांश, आणि जे सोडलंस त्याचं दोन तृतीयांश. पात्रता बारावीची असली तरी रांगेत तुझ्या पुढे पदवीधर उभे आहेत, इंजिनिअर उभे आहेत, एमबीए झालेलेही उभे आहेत. धावण्यात तू त्यांना मागे टाकशील. गणित, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरणात टाकशील का?

लागलास तरी पुढचा प्रश्न आहे. एमपीएससीतून फौजदार व्हायला पदवी लागते. तलाठी व्हायला पदवी लागते. बारावीवर शिपाई म्हणून लागलेला आमचा पोरगा सलाम ठोकत राहतो आणि पदवी घेऊन आलेला दुसऱ्याचा पोरगा तो सलाम घेतो. बाबासाहेबांनी आपल्याला मोक्याच्या जागा काबीज करायला सांगितल्या होत्या. मोक्याच्या जागेच्या दारावर पहारा देणं म्हणजे ती जागा काबीज करणं नव्हे.

खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे आम्हाला माहीत आहे. ते कसं चालतं हे मात्र मैदानावर कुणी सांगत नाही. ते समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजलं जातं. १०० जागांची जाहिरात निघाली, अनुसूचित जातीच्या १३. त्याचे ५ टक्के किती? ०.६५. एक आख्खी जागाही होत नाही. त्यासाठी गावच्या सामन्याची ढाल चालत नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेतलं प्रावीण्य लागतं, प्रमाणपत्राची क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी लागते आणि पदाची शैक्षणिक अर्हता वेगळी लागतेच. मधल्या काळात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणंही या राज्याने पाहिली. ज्याने खरंच घाम गाळला त्याच्या हातात प्लास्टिकची ट्रॉफी, आणि ज्याने कागद विकत घेतला त्याच्या हातात नेमणूक.

यातली सर्वात वाईट गोष्ट पुढेच आहे. मान्यताप्राप्त स्पर्धांपर्यंत पोहोचायचा आमच्या पोरांना त्यातल्या त्यात परवडणारा रस्ता कॉलेजातूनच जातो. गोंडवाना विद्यापीठाचा संघ, राज्य आंतरविद्यापीठ स्पर्धा, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, खेलो इंडिया. (राज्य स्पर्धेचं नाव 'अश्वमेध' आहे. विद्यापीठांनी यज्ञाच्या घोड्याच्या नावाने खेळावं, यावर आमचा आक्षेप आहे, पण तो लेख वेगळा.) प्रवेश सोडला की विद्यापीठाची जर्सी सुटते. खेळासाठी कॉलेज सोडणारा पोरगा खेळाचाच दरवाजा बंद करून घेतो, आणि त्याला हे सांगण्याची तसदी कुणी घेत नाही.

ज्या काळ्या अमेरिकेकडून आपण १९७२ मध्ये 'पँथर' हा शब्द घेतला, तिथे हा वाद आपल्या आधीपासून चालू आहे. त्यांचं फुटबॉल वेगळं, चेंडू हातात घेऊन धावायचं. व्यावसायिक लीगमधले निम्म्याहून अधिक खेळाडू काळे आहेत. तिथे हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय लीगमध्ये घेत नाहीत. त्यानंतर कॉलेज अर्धवट सोडून यायचं म्हणणाऱ्या खेळाडूसाठी सल्लागार समिती असते. ती त्याचा खेळ तपासून सांगते: पहिल्या फेरीत निवडला जाण्याजोगा आहेस, दुसऱ्या फेरीच्या तोलाचा आहेस, किंवा कॉलेजातच राहा. ती व्यवस्था न्यायाची आहे असं आम्ही म्हणत नाही. काळ्या पोरांच्या शरीरावर तिथल्या कॉलेजांनी किती पैसा कमावला हा वेगळाच इतिहास आहे, आणि खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावण्याची मोकळीक तिथे २०२१ मध्ये मिळाली. पण निदान तोंडावर खरं सांगणारं कुणीतरी आहे.

हॅरी एडवर्ड्स हे काळे समाजशास्त्रज्ञ. १६ ऑक्टोबर १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पदक घेताना काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या. त्यामागच्या चळवळीचे संघटक हेच. (१६ ऑक्टोबर ही तारीख चंद्रपूरकरांना वेगळी सांगायला नको. १९५६ ची इथली दीक्षा याच दिवसाची.) खेळाडूंच्या लढ्यासाठी आयुष्य घालवलेल्या या माणसाने आपल्याच समाजाला बजावलं की सगळी पोरं एकाच मैदानाकडे ढकलू नका, त्यात बाकीच्या क्षेत्रांतली माणसं आपण गमावतो. त्यांना कुणी खेळाचा शत्रू म्हणू शकलं नाही. आम्हालाही म्हणू नका.

आपल्या इतिहासातही उदाहरण आहे. पाळवणकर बाळू, चर्मकार समाजातले, आपल्या काळातले देशातले अव्वल गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पुण्यात त्यांच्या चेंडूवर हिंदू संघ जिंकायचा आणि चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. योग्यता असून कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेब जिंकले. बाळूंच्या कर्तृत्वाबद्दल आम्हाला आदरच आहे, तरुण बाबासाहेबांनाही तो होता. पण मैदानावरची कीर्ती दुसऱ्यांनी दिलेली असेल तर ती वापरायचं दुसरेच ठरवतात, हे त्या निवडणुकीत दिसलं.

आजही तेच चालू आहे. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. देशभर फोटो झळकले. त्या पोरांचं पुढचं शिक्षण कसं चाललंय, हे किती पत्रकारांनी विचारलं? गडचिरोलीत पोलीस दल वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डी स्पर्धा घेतं. १८५८ मध्ये याच चांद्याच्या तुरुंगात इंग्रजांनी फाशी दिलेल्या बंडखोर गोंड जमीनदाराचं नाव! त्या मैदानावरच्या माडिया-गोंड पोराला शेडमाके कशासाठी लढले हे शिकवणारा वर्ग कुठे आहे?

मुलींचं तर विचारूच नका. मुलगा कॉलेज सोडतो तेव्हा निदान तो मैदानावर जातो. मुलगी वसतिगृह सोडून घरी आली की दोन हंगामांत तिची लग्नपत्रिका छापून येते. तिच्यासाठी कॉलेजचा प्रवेश म्हणजेच मैदानाचा परवाना आहे.

आता आमच्यावर येणारा आक्षेप. "तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला बोलायला काय जातं? पदवी घेऊन बसलेली पोरं काय करतात, तेंदूपत्त्याचा हंगाम करतात, सूरजागडला ट्रकवर जातात." खरं आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण पदवीनंतर काय, याचं उत्तर सरकारने दिलेलं नाही आणि चळवळीनेही ते पुरेसं मागितलेलं नाही. म्हणूनच आम्ही कुणालाही नेमणूकपत्र नाकारायला सांगत नाही. पत्र हातात आलं, पगार सुरू होणार असला तर जा, घर चालव आणि पदवी मुक्त विद्यापीठातून पूर्ण कर. लीगचा लेखी करार आला तर वकिलाला दाखव आणि जा. आमचं भांडण पत्र नसताना, करार नसताना, कुणाच्या तोंडच्या शब्दावर वर्ग सोडायला लावणाऱ्यांशी आहे. "ट्रायलला घेऊन जातो" हे नेमणूकपत्र नाही.

नवीन शैक्षणिक धोरणाने या गळतीला छान नाव दिलं आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. कालपर्यंत ज्याला अर्धवट शिक्षण म्हणत होते त्याचा आज दाखला मिळणार. परत येता येईल, क्रेडिट जमा राहतील, असं सांगतात. क्रेडिट जमा राहतील, पण वसतिगृहातली खाट जमा राहील का? खंड पडलेल्या पोराला शिष्यवृत्ती आणि स्वाधार त्याच हक्काने परत मिळेल, हे लेखी कोण देणार? बाहेर पडायची सोय करून ठेवणाऱ्यांनी परत यायचं भाडं कोण भरणार ते आधी सांगावं.

तेव्हा मागणी विद्यापीठाकडे करायची. जिल्हा किंवा विद्यापीठ संघात असलेल्या खेळाडूची सामन्यातली हजेरी वर्गातली हजेरी धरा. त्याची बुडालेली परीक्षा त्याच सत्रात पुन्हा घ्या. शारीरिक शिक्षण विभागाने दरवर्षी प्रत्येक खेळाडूला लेखी सांगावं की तो कोणत्या पातळीचा आहे, आवडो न आवडो. परत आलेल्याला वसतिगृह आणि शिष्यवृत्ती द्या. या चार गोष्टींसाठी निवेदन घेऊन गडचिरोलीला विद्यापीठावर जाऊ, तेव्हा कबड्डीचे संघ जर्सीसह सोबत हवेत.

आणि एक मागणी आपल्याच मंडळांकडे. १४ एप्रिलला, १६ ऑक्टोबरला आपणही सामने भरवतो, डीजेवर आणि रोख बक्षिसांवर वर्गणी उडवतो. या वेळी बक्षिसाचा अर्धा भाग खेळाडूच्या परीक्षा शुल्काची पावती दाखवल्यावरच द्यायचा, असं पत्रकावर छापा. पहिल्या वर्षी चार संघ कमी येतील. येऊ द्या कमी. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांची नावं लिहून घ्या, आणि सामना संपल्यावर त्यांच्या घरी जा.