पाहणी कोणाची? केव्हाची?



या अंकासाठी आलेल्या एका लेखात वाक्य होतं, 'एका पाहणीनुसार बहुसंख्य स्त्रिया तक्रारच करीत नाहीत.' मी लेखिकेला विचारलं, पाहणी कोणाची? केव्हाची? तिने ते आमच्याच एका जुन्या पत्रकातून घेतलं होतं. पत्रक शोधून काढलं, तर त्यावर ना तारीख, ना संदर्भ. ते लिहिणाऱ्यांत मीही होते! वाक्य कदाचित खरं असेल, पण मला ते काढावं लागलं.

याची किंमत आपण पूर्वीही मोजली आहे. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत ते जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. एखादी प्रत टिकली म्हणून ताराबाई आपल्याला भेटल्या. ज्यांची प्रत टिकली नाही, त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत.

संदर्भ जपणं हे केवळ प्राध्यापकांचं काम नव्हे. प्रत्येक संदर्भाचं एक कार्ड करा. वही किंवा संगणकही चालेल. त्यावर लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पान आणि ते कोणत्या ग्रंथालयात पाहिलं, हे लिहा. जसाच्या तसा उतारा अवतरणचिन्हांत आणि आपलं मत वेगळं. दुसऱ्याच्या पुस्तकातला दाखला घेण्याआधी मूळ पुस्तक पाहा. मिळालं नाही तर तसं सांगा. कार्डं विषयवार लावा.

आकडा कशाचा, हेही लिहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या सगळ्या गुन्ह्यांचे नव्हेत. आकडा वाढला म्हणजे अत्याचार वाढले असतील, किंवा अधिक बायका ठाण्याची पायरी चढल्या असतील. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

आणि बाईने सांगितलेली हकिकत हाही संदर्भच. तिथे तारीख हवी आणि तिची संमती हवी. तिने गुप्तता मागितली, तर खरं नाव वेगळ्या, कुलपातल्या वहीत.

यापुढे आमच्या प्रत्येक पत्रकावर तारीख आणि संदर्भ असेल. तुमच्या गटाच्या कपाटातले जुने कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकदा बसून चाळा. आपण काय केलं, हे उद्याच्या मुलींना कागदच सांगणार आहेत.