मँडोलिन, जॅझ आणि खारदांड्याची हळद

गेल्या महिन्यात आमच्या खारदांड्यात एका हळदीला माझी चारचौघांत फजिती झाली. चारचौघांत कसली, निदान दोनशे माणसं होती! सांगतो, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

मी सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो आणि शनिवार-रविवार मँडोलिनवर जॅझ वाजवायला शिकतो. चार वर्षं झाली. हे ऐकून लोकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. जॅझ म्हटलं की सॅक्सोफोन, ट्रम्पेट, निळा धूसर उजेड. आणि मँडोलिन म्हटलं की सरसोंचं शेत आणि शाहरुख! ‘डीडीएलजे’ (१९९५) ने आपल्या पिढीच्या डोक्यात ते चित्र जे फिट बसवलंय ते निघता निघत नाही.

शंका अगदीच चुकीची नाही म्हणा. मँडोलिनचा स्वर टिकत नाही. ट्रम्पेटवाला श्वास पुरेल तेवढा एक स्वर ताणू शकतो, इथे तार छेडली की क्षणात आवाज विरतो. मग तीच तार भराभर छेडत राहायची, म्हणजे कानाला सलग स्वर ऐकू आल्याचा भास होतो. पण फायदेही आहेत. तारा आठ, पण जोड्या चार, आणि प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमात लावलेली, अगदी व्हायोलिनसारखी. त्यामुळे हाताची एक ठेवण बसली की तीच उचलून दुसऱ्या पट्टीत नेता येते. आणि कॉर्ड वाजवून बोटं लगेच सैल केली की ‘चक्’ असा तुटक आवाज येतो, तो ड्रमचंच काम करतो.

हे वाद्य जॅझला चालतं का, हा प्रश्न केव्हाच निकालात निघालाय. अमेरिकेत जेथ्रो बर्न्सने (१९२०–१९८९) ते वाजवून दाखवलं. आपल्याकडचा यू. श्रीनिवास १९८३ मध्ये बर्लिनच्या जॅझ महोत्सवात वाजवून आला, तेव्हा तो अवघा चौदा वर्षांचा होता. तो वाजवत होता कर्नाटक संगीत, पण जॅझच्या श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढे तो जॉन मॅक्लॉफलिन आणि झाकीर हुसेन यांच्या ‘रिमेंबर शक्ती’त होता. त्यांचा ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ (२००१) आपल्याच मुंबईत रेकॉर्ड झालाय. ऐकला नसेल तर आज ऐका.

तर आता फजिती. आमच्या शेजारचे काका बेंजो वाजवतात. बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे, टाईपरायटरसारखी बटणं असलेला आपला बुलबुलतरंग. काकांना माझा रियाज भिंतीपलीकडून रोज ऐकू येतो (बिचारे!). ते म्हणाले, हळदीला ये, बस आमच्याबरोबर. मी टॅबलेटवर गाण्यांचे कॉर्ड वगैरे उतरवून अगदी तयारीनिशी गेलो.

गाणाऱ्या मावशींनी पहिलंच गाणं स्वतःच्या पट्टीत उचललं. माझ्या टॅबलेटवर वेगळीच पट्टी. मी कशीबशी जुळवेपर्यंत दुसऱ्या कडव्याला त्या आणखी वर सरकल्या. मग नवऱ्याच्या आत्या नाचायला उठल्या, म्हणून धृपद दोनदाच्या ऐवजी सहा वेळा झालं. मी तिसऱ्या वेळीच कडव्यात शिरलो. एकटाच. लोक हसले. मी मँडोलिन मांडीवर आडवी ठेवली आणि नुसता ऐकत बसलो.

आणि तेव्हा कळलं की काका दोन ओळींच्या मधली जागा प्रत्येक वेळी वेगळी भरतायत. मावशी थांबल्या की ते लांबवतात, त्या घाईत असल्या की दोन स्वरांत आटपतात. ढोलकीवाल्याने मध्येच एक गंमत केली, ती पुढच्याच फेरीत काकांच्या बेंजोवर! अहो, हेच तर मी चार वर्षं पैसे भरून शिकतोय!

नंतर काका एवढंच म्हणाले, “तू कागद बगतस, आमी गानाऱ्याचा तोंड बगताव.”

तेव्हापासून माझं एक मत झालंय. आपण मुंबईत जॅझ शिकतो म्हणजे बहुतेक वेळा काही ठरावीक अमेरिकन गाणी शिकतो. पण ही ‘स्टँडर्ड्स’ मुळात आहेत तरी काय? त्यातली कितीतरी तिकडच्या नाटकांतली लोकप्रिय गाणी. ‘ऑल द थिंग्ज यू आर’ १९३९ च्या एका ब्रॉडवे नाटकातलं. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ तर चक्क ‘साऊंड ऑफ म्युझिक’मधलं! वादकांनी आपल्या लोकांना तोंडपाठ असलेली गाणी घेतली आणि त्यांवर खेळले. आपण त्यांची पद्धत उचलायची सोडून त्यांची यादीच उचलली. म्हणजे लॉजिक समजून न घेता कॉपी-पेस्ट.

वास्तविक इथे हे घडण्यासारखं होतं. गोव्याच्या चिक चॉकलेटसारखा जॅझ ट्रम्पेटवाला सी. रामचंद्रांबरोबर ‘अलबेला’साठी (१९५१) काम करत होता. मँडोलिनही दूर नव्हती. सज्जाद हुसेन त्या बिनटिकाऊ स्वरातून मींड काढत, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत मुळात मँडोलिनवादक. पण तीन-चार मिनिटांच्या गाण्यात वाद्याला मिळायचे काही सेकंद, तेही बहुधा आधीच लिहिलेले. मनाने वाजवायला जागाच नव्हती.

एक आक्षेप मला मान्य आहे. कोळीगीतात कॉर्ड मोजके, आणि त्यात जॅझचे भरगच्च कॉर्ड कोंबले तर गाण्याचा जीव जातो. तसलं फ्यूजन मलाही नको. पण मोजके कॉर्ड म्हणजे अडचण हे कुणी सांगितलं? १९६१ मध्ये कोल्ट्रेनने ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ची रेकॉर्ड काढली, त्यातले लांबलचक सोलो दोन कॉर्डांवरच तर फिरतात. आणि ठेका तीनाचा. कोळी ठेका सहाचा. फार लांबचं नातं नाही हे!

म्हणून माझं म्हणणं एवढंच: मुंबईत जॅझ शिकणाऱ्याने स्टँडर्ड्स जरूर शिकावीत, पण शेजारच्या माणसाला पाठ असलेलं एक तरी गाणं कागदाशिवाय, कुठल्याही पट्टीत, गाणाऱ्याच्या मागोमाग वाजवता आलं पाहिजे. ते येत नसेल तर आपल्याला जॅझ येतो असं म्हणू नये. मी चार वर्षं म्हणत होतो.

हल्ली रविवारी संध्याकाळी मी काकांकडे बसतो, टॅबलेट घरी ठेवून. परवा त्यांनी मुद्दाम मध्येच पट्टी बदलली. दोन ओळी चुकलो, तिसरीला सापडलो. काका काही बोलले नाहीत, फक्त पुढची जागा माझ्यासाठी मोकळी सोडली. मी त्यात चार स्वर वाजवले. चारच.

असो. उद्या सोमवार, सकाळी रिलीज आहे. तुमच्या गल्लीत बेंजो वाजला तर खिडकी लावू नका, जरा खाली जाऊन ऐका :-)